पन्हळ, पाणी, ठोकळे: ठाण्यातल्या एका बालवाडीच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

जागा: वागळे इस्टेट, किसननगरच्या बाजूची तळमजल्यावरची खोली. १८ फूट बाय १४ फूट, एक मोरी, पूर्वेला एक खिडकी, वर गच्ची. मुलं २४, वय ३ ते ६. दोन ताई, एक मदतनीस. वेळ ९ ते १२.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोज साडेनऊ ते साडेदहा हा तास शिकवण्याचा नाही. साहित्य मांडून ठेवायचं आणि त्यातून काय सापडतं ते मुलांनी शोधायचं. ताईंकडे तीन कामं: मांडणी, सुरक्षितता, नोंद.

साहित्याची कसोटी एकच ठेवली आहे. मुलाने काही केलं की उत्तर वस्तूनेच दिलं पाहिजे. मनोरा पडतो, वाटी बुडते, चेंडू मध्येच थांबतो. चुकलं हे सांगायला तिथे कोणी लागत नाही. रेघेच्या आत रंग भरायचा कागद असं उत्तर देत नाही. बरोबर की चूक ते ताईच सांगतात, म्हणून मूल कागदाकडे कमी आणि ताईंच्या चेहऱ्याकडे जास्त बघायला लागतं. असे कागद या तासात बाहेर काढायचे नाहीत.

खोलीत केलेले बदल: कपाटाची दारं काढली. त्याऐवजी ६० सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर खोल अशा दोन उघड्या मांडण्या. मुलं मांडणीवर चढणार हे गृहीत धरून दोन्ही भिंतीला एल-ब्रॅकेटने पक्क्या केल्या. प्रत्येक खणात एकाच प्रकारची वस्तू, उघड्या टोपलीत. झाकणाचे डबे नकोत, कारण झाकण लागलं नाही की मूल ताईंना हाक मारतं आणि तिथेच काम तुटतं. भिंतीवरचे तक्ते मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होते, ते उतरवले.

१९ जून

पाण्याची जागा मोरीच्या उंबऱ्यालगत. भोकं नसलेले दोन प्लास्टिक क्रेट, ६० बाय ४० सेंटिमीटर. पाणी १० सेंटिमीटर भरायचं, म्हणजे एका क्रेटमध्ये २४ लिटर. हे २४ किलो वजन डुगडुगत्या स्टुलावर चालत नाही. खाली विटांचे दोन थर आणि वर प्लायवूड. क्रेटची कड जमिनीपासून ४५ ते ५० सेंटिमीटरवर आली की साडेतीन वर्षांचं मूल उभं राहून कोपरापर्यंत हात घालू शकतं. कड याहून उंच झाली की पाणी बाहीतून काखेत जातं आणि मूल पाच मिनिटांत निघून जातं.

एका क्रेटला तीनच मुलं. पाण्याजवळ एक मोठं माणूस कायम, फोन आला तरी जागा सोडायची नाही. लहान मूल १० सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. तास संपला की दोन्ही क्रेट रिकामे करून पालथे ठेवायचे. ते पाणी मोरी धुवायला आणि कुंड्यांना. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, त्यामुळे पावसाळ्यात "उद्या वापरू" म्हणून पाणी ठेवणं नाही.

खाली गोणपाट घालू नये, ते भिजून घसरतं. जुनी सुती चादर चौपदरी बरी. प्रत्येक मुलाचा एक सुका जोड पिशवीत हवा. ही पिशवी आली नाही की ताई नकळत "भिजू नको" म्हणू लागतात, आणि मग पाण्याचं काम नावालाच उरतं.

पहिल्या दिवशी भांडी कमी: दोन पेले, एक चाळणी, एक नरसाळं, हातभर पारदर्शक नळी. मुलं नुसतं ओततात. आठवडाभर नुसतंच ओततील आणि ते तसंच चालू द्यायचं. हातात पाण्याचं वजन, धार, उडणं हे सगळं बसल्याशिवाय तरंगणं-बुडणं मांडण्यात अर्थ नाही.

२४ जून

तरंगणारं आणि बुडणारं. बहुतेक ठिकाणी हा खेळ लाकूड, दगड, पान, खिळा असा मांडतात. त्यात मूल दोन ढीग करतं आणि काम संपतं. खरी मजा सरळ ढीग न होणाऱ्या वस्तूंत आहे.

आज ठेवलं ते: बटाटा, मोठं भरताचं वांगं, सुपारीएवढा खडा, सोललेलं आणि न सोललेलं संत्रं, स्पंज, स्टीलची वाटी. साडेतीन-चार वर्षांची मुलं आकार बघून बोलतात: मोठं ते बुडणार. वांगं तरंगतं आणि खडा तळाला जातो, तिथे पहिला धक्का. संत्र्याच्या सालीत हवा असते. सालीसकट ते तरंगतं, सोलल्यावर बहुधा बुडतं. हे ताईंनी आधी करून दाखवायचं नाही. दोन्ही संत्री ठेवायची आणि थांबायचं.

सगळ्यात जास्त काम वाटी देते. ८ सेंटिमीटर व्यासाची साधी आमटीची वाटी, जांभळी नाक्याच्या बाजारात वजनावर मिळते ती. अलगद ठेवली तर तरंगते, तिरकी सोडली तर बुडते. वस्तू तीच, पाणी तेच आणि उत्तरं दोन, म्हणून ती कोणत्याच ढिगात बसत नाही. एका चार वर्षांच्या मुलीचा क्रम जवळून टिपला आहे. वाटी टाकली, बुडाली. काढली, पुसली, पुन्हा टाकली, बुडाली. तिसऱ्यांदा तळव्यावर ठेवून हात हळूहळू पाण्याखाली नेला. वाटी हातावरून सुटून तरंगत राहिली. तिने हात पाण्यातच धरून ठेवला आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, "फेकू नको, ठेव." मग एका बोटाने कड दाबली, पाणी आत येईपर्यंत. इथून पुढे ती फक्त कड किती दाबली की पाणी आत येतं एवढंच करत होती.

यानंतर खडे द्यायचे, एकेक करून वाटीत भरायला. सगळे खडे एका बाजूला गेले की वाटी कलंडते, मधोमध ठेवले तर जास्त मावतात. वाटी पालथी करून सरळ खाली दाबली की हवा अडकते, हाताला उलटा जोर लागतो, तिरकी केली की बुडबुडा सुटतो. हा बुडबुडा पाहिल्यावर बाकीचे सगळे ते करून बघतातच.

नडतं ते असं: वाटी फार जाड असली तर दोन-तीन खड्यांतच बुडते. काठ दुमडलेली पातळ वाटी घ्यावी. पेल्याला बूड लहान असल्यामुळे तो रिकामा असताना आडवा होतो.

१ जुलै

ताईंच्या बोलण्याबद्दल.

२०११ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनेक करामती दडलेलं एक खेळणं बालवाडीच्या वयाच्या मुलांना दिलं होतं. काहींना मोठ्या माणसाने "हे बघ, हे असं चालतं" म्हणून त्यातली एक करामत शिकवली. या मुलांनी तेवढीच पुन्हा पुन्हा केली आणि बाकीच्या करामती कमी शोधल्या. न शिकवलेल्या मुलांनी जास्त शोधल्या. मूल यात तर्कानेच वागतं: जाणत्या माणसाने एकच दाखवलं, म्हणजे दाखवण्यासारखं एकच असणार. आपण कौतुकाने दाखवतो ती एक गोष्ट मुलाला उरलेल्यांकडे फिरकू देत नाही. चमच्याने खाणं, कात्री धरणं, हात धुणं हे दाखवूनच शिकवायचं. पाणी आणि चेंडू घरंगळवायची पन्हळ दाखवून शिकवायची नाही.

दुसरं, थांबण्याचं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या बोलण्याचा अभ्यास करून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. मराठीत मनात "एक गणपती, दोन गणपती, तीन गणपती" म्हटलं की तीन सेकंद होतात. चार वर्षांच्या मुलासाठी पाच गणपती धरावेत.

खोलीसाठी ठरलेलं बोलणं:

"का बुडलं?" विचारायचं नाही. या वयात "का" ला "तिला बुडायचं होतं" किंवा "देवाने बुडवलं" अशी उत्तरं येतात, नाहीतर मूल गप्प होऊन ताईंना हवं ते उत्तर शोधू लागतं. "आता काय करून बघायचं?" किंवा "हे इथे ठेवलं तर?" यांचं उत्तर हाताने देता येतं.

"शाब्बास" कमी. शाब्बास आलं की मूल मान वर करतं आणि हात थांबतो. जे दिसलं ते सांगावं: "वाटी या बाजूला कलली." एवढंच.

मूल रडकुंडीला आलं असेल तर जवळ बसावं, पण हात पाठीमागे. फारच अडलं तर साहित्य बदलावं, उत्तर देऊ नये. उदाहरणार्थ जड वाटीच्या जागी पातळ वाटी.

नोंदीसाठी पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी: वेळ, वय, हाताने काय केलं, तोंडचे शब्द जसेच्या तसे. "आनंद घेतला", "छान खेळला" असं लिहिलेली चिठ्ठी बाद, तिच्यातून उद्याची मांडणी ठरत नाही.

८ जुलै

पन्हळी तयार. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन अर्धे. तुकडे १२० सेंटिमीटरचे चार, ९० चे चार, ६० चे चार. घरी हॅक्सॉने उभी चीर नागमोडी जाते. सुताराच्या कटर मशीनवर, पाइपला बाजूने पट्टी ठोकून घेतली तर सरळ येते. चिरल्यावर पाइपची कड थोडी आत ओढली जाते, ती गृहीत धरावी. कड धारदार असते: आधी कानस, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ओल्या फडक्याने पुसणं. हा भुसा मुलं येण्याआधी खोलीबाहेर.

चेंडू ४० मिलिमीटरचे. गोट्या नकोत. लहान भावंडं न्यायला येतात आणि गोटी घशात अडकते. तीन वर्षांखालच्या खेळण्यांची चाचणी करायच्या नळकांड्याचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो; त्यात मावणारी वस्तू धोक्याची. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा, गोल्फचा जवळपास ४३ चा, दोन्ही त्यात जात नाहीत. पण चेंडूंसाठीची कसोटी ४४.५ मिलिमीटरची असते आणि त्यातून दोन्ही जातात, म्हणून तीन वर्षांखालच्या भावंडांच्या हाती हेही द्यायचे नाहीत. टेबल टेनिसचा चेंडू पायाखाली फुटला तर तुकडे लगेच उचलायचे.

टेकूसाठी ठोकळे, खुर्ची, बादली, जे असेल ते. स्टँड बनवून दिला नाही. उंची ठरवणं हाच निम्मा शोध आहे.

११ जुलै

ठोकळे मोजले. मे महिन्यात पॅकिंग पेट्यांच्या पाइनचे करून घेतलेले, मूळ माप १४ बाय ७ बाय ३.५ सेंटिमीटर. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ कॅरोलिन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये रुळवलेलं एकक हेच: लांबी रुंदीच्या दुप्पट, रुंदी जाडीच्या दुप्पट. या प्रमाणामुळे दोन अर्धे मिळून एक, दोन एक मिळून एक लांब, हे मुलाला मोजण्याआधी हाताला कळतं.

पावसात लाकूड फुगतं, पण रेषांच्या आडव्या दिशेने. रुंदी ७ सेंटिमीटरवरून अर्धा ते पाऊण मिलिमीटर वाढली आहे, लांबी जवळपास तशीच. एकेक ठोकळा बघून हे समजत नाही. दहा थर रचल्यावर दोन मनोऱ्यांत फरक दिसतो आणि आडवा टाकलेला लांब ठोकळा डुगडुगतो. मुलं मग पातळ पुठ्ठ्याचा तुकडा खाली सारतात. पुठ्ठे टोपलीत ठेवले आहेत.

१५ जुलै

पन्हळींचा सांधा.

पहिले दोन-तीन दिवस मुलं एकच पन्हळ खुर्चीला टेकवून चेंडू सोडतात. मग लांब हवं होतं आणि दोन पन्हळी जोडाव्या लागतात. नेमकं इथे मोठ्या माणसाचा हात पुढे येतो, आणि नेमकं इथेच तो यायला नको.

मुलांच्या हातून सांधा साधारण या क्रमाने होतो. आधी टोकाला टोक: मध्ये बोटभर फट राहते, चेंडू खाली पडतो. मग खालची पन्हळ वर आणि वरची खाली: चेंडू कडेला आपटून थांबतो किंवा मागे येतो. मग सांधा हाताने धरून ठेवतात, दुसऱ्या मुलाला सोडायला सांगतात. चेंडू जातो, पण हात काढला की पुन्हा अडतो. शेवटी वरच्या पन्हळीचं टोक खालचीवर येतं, कौलं लागतात तसं, आणि चेंडू धक्का न लागता उतरतो.

एका जोडीने (पाच वर्षं आणि साडेचार) आज उलटा सांधा ठेवूनच मार्ग काढला. वरची पन्हळ इतकी उंच केली की चेंडू जोरात येऊन कडेवरून उडी मारून पलीकडे पडू लागला. हा सांधा "चुकलेला" म्हणून दुरुस्त केला असता तर वेग आणि उडी यांचा संबंध हातचा गेला असता. पुढचं अख्खं सत्र त्यांनी चेंडू किती लांब पडतो यात घालवलं आणि जमिनीवर खडूने खुणा केल्या.

लक्ष ठेवायचं ते हे. चढ फार दिला, १२० सेंटिमीटरच्या पन्हळीला ५० सेंटिमीटरच्या वर उंची, तर चेंडू इतका जोरात जातो की मुलं मागे धावतात आणि पन्हळ विसरतात. अशा वेळी टोकाला पुठ्ठ्याचं खोकं ठेवावं; मुलाला काही बोलावं लागत नाही. पन्हळ खांद्यावर बंदुकीसारखी धरली जाते, तेव्हा ६० चे तुकडे ठेवून १२० चे तेवढ्यापुरते उचलावेत. आणि एका जागी चारपेक्षा जास्त मुलं नकोत. पाचवं येतं तेव्हा कुणाचा तरी टेकू पडतो, भांडण चेंडूवरून होतं पण कारण गर्दी असतं.

फक्त बघत बसणारी मुलं आहेत. त्यांना ओढून आणायचं नाही. एक तीन वर्षांचा मुलगा आठवडाभर भिंतीला टेकून बघत होता. आज सगळे डब्याला गेल्यावर त्याने पहिल्याच फटक्यात वरचं टोक खालच्यावर ठेवलं.

२९ जुलै

सावलीचं काम बाहेर होत नाही. ठाण्याच्या अक्षांशावर, सुमारे १९.२ अंश उत्तर, सूर्य वर्षातून दोनदा भर माथ्यावर येतो: मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी. मेमध्ये सुट्टी, जुलैत ढग.

म्हणून आत. खिडकीला काळा कापडी पडदा, कोपऱ्यात दोन टॉर्च, पांढरी चादर. टॉर्च एकाच दिव्याचा हवा. अनेक एलईडी असलेल्या टॉर्चने कडा फाटक्या येतात आणि एका बोटाच्या पाच सावल्या दिसतात. चाळणी, कंगवा, रंगीत जिलेटीन, जाळीची पिशवी. वस्तू टॉर्चजवळ नेली की सावली मोठी होते हे मुलांना दुसऱ्याच दिवशी सापडतं, बहुधा कोणाला तरी भुताची भीती घालताना. लेझर पॉइंटर खोलीत आणायचा नाही.

५ ऑगस्ट

शर्यत. एकाच उंचीच्या दोन पन्हळी शेजारी शेजारी, टेबल टेनिसचा चेंडू आणि गोल्फचा चेंडू. गोल्फचा चेंडू पुढे जातो. मुलांचा निष्कर्ष: जड पळतो.

ताईंनी इथे "बरोबर" म्हणायचं नाही, कारण ते बरोबर नाही. मागे पडण्याचं कारण वजन नसून पोकळपणा आहे. पोकळ चेंडूचं सगळं वजन कडेला असतं, त्याला गोल फिरवायला उताराच्या जोराचा जास्त वाटा जातो. १२० सेंटिमीटरच्या पन्हळीवर गोल्फचा चेंडू तळाला पोहोचतो तेव्हा टेबल टेनिसचा जवळपास वीतभर मागे असतो. मुलांना हे समजावायचंही नाही. त्यांना तिसरा चेंडू द्यायचा: ४० मिलिमीटरचा भरीव लाकडी, सुताराकडून लेथवर काढलेला. तो गोल्फच्या चेंडूच्या निम्म्या वजनाचा, तरी त्याच्या बरोबरीने येतो. "जड पळतो" इथे अडतं, आणि अडवतो तो चेंडू.

पाच वर्षांच्या दोघांनी लाकडी चेंडू हातावर तोलून पाहिला, पुन्हा सोडला, आणि पन्हळी आपसांत बदलल्या. पन्हळच लबाड असेल असा संशय. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं ते हेच, आणि ते कोणी सांगितलेलं नाही.

दोन्ही चेंडू एकदम सोडणं मुलांना जमत नाही, एक हात आधी सुटतो. आडवी पट्टी दोन्ही पन्हळींवर धरून उचलली की जमतं. ही पट्टी नुसती टोपलीत ठेवली आहे.

२२ ऑगस्ट

गणपती पाच दिवसांवर, शाडू सगळीकडे मिळते. कोरडी माती घोटताना धूळ उडते, ती मुलं येण्याआधी भिजवावी. बोट दाबल्यावर ठसा राहावा, पण बोटाला चिकटू नये. हाताच्या मुठीएवढा गोळा प्रत्येकी, साचा नाही. साचा दिला की सगळे गणपती सारखे येतात आणि मुलं आपला कुठला म्हणून भांडतात.

शाडूची होडी पाण्यात विरघळते, आणि हेही मुलांनी बघावं. होडीसाठी तेलकट प्लॅस्टिसिन (न वाळणारी, खेळायची रंगीत माती) वेगळं ठेवलं: गोळा बुडतो, त्याचीच वाटी केली की तरंगते. जूनमधल्या वाटीची मुलं इथे पटकन पोहोचली.

मोरीत शाडू जाऊ देऊ नये, जाळी तुंबते. हात आधी बादलीत, मग नळाखाली.

८ सप्टेंबर

चुंबक: जुन्या स्पीकरमधली फेराइटची कडी, ७० मिलिमीटर व्यासाची. चकचकीत छोटे निओडिमियम चुंबक अजिबात नाहीत. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळ्या मध्ये चिमटून भोक पडतं. स्टीलच्या काही वाट्या चिकटतात, काही नाही, कारण स्टीलचे प्रकार वेगळे. "लोखंड चिकटतं" हे वाक्य इथे मोडतं, म्हणून ते आधी बोलूच नये.

बिया आणि शेंगा गोळा करणं याच आठवड्यात. गुलमोहराची शेंग, बदामाचं फळ, शंख-शिंपले चालतील. बिट्टी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया, गुंजा, एरंडाच्या बिया, धोतरा हे विषारी. कॉलनीच्या कुंपणाला बिट्टी सर्रास असते, त्यामुळे टोपलीत पडलेली प्रत्येक बी ताईंच्या डोळ्यांखालून जावी. येऊरच्या जंगलातून काही उचलायचं नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

परिसरातल्या फुकट वस्तूंवर बालवाडी उभी करण्याची वाट याच जिल्ह्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, आता पालघर. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा होती. विकत आणलेलं महागडं साहित्य फुटेल या धाकाने कपाटात राहतं, शिंपला फुटला तर दुसरा येतो.

१३ सप्टेंबर

पालक सभा, शनिवारी संध्याकाळी सहानंतर. त्याआधी कामावरून सुटणं होत नाही. अपेक्षित प्रश्न आला: "पहिलीला घेताना एबीसीडी विचारतात. ही मुलं नुसती खेळतात."

प्रश्न रास्त आहे आणि त्याला भाषणाने उत्तर देऊ नये. पालकांपुढे क्रेट, वाट्या आणि खडे मांडले, जास्त खडे कोणाच्या वाटीत मावतात ते बघा म्हटलं. मग मुलांच्या चिठ्ठ्या वाचल्या: "माझ्यात अकरा, तुझ्यात नऊ, तू दोन टाक." ही बेरीज-वजाबाकीच आहे आणि ती पाटीशिवाय आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत स्तर मानला, आणि ऑक्टोबर २०२२ च्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातही खेळावर भर आहे, हेही सांगितलं. अक्षरओळख साडेदहानंतर होते आणि होत राहील.

घरी काय करावं, यावर एकच विनंती: भांडी घासताना मुलाला शेजारी एक वाटी आणि थोडं पाणी द्या, आणि काही शिकवू नका.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. घरोघर माती, घट, धान्य. खोलीत तेच चार उथळ ताटल्यांत: गहू, ज्वारी, मूग, मटकी. रात्रभर भिजवलेलं बी, दोन बोटं माती. पाणी पिचकारीने, मुलं आळीपाळीने. तांब्याने दिलं तर बी वर येतं आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. ताटलीला खाली भोक हवं. दोन ताटल्या खिडकीत, दोन मांडणीच्या खालच्या खणात. का, ते बोललो नाही.

३० सप्टेंबर

खालच्या खणातले अंकुर पिवळे, लांब, पडलेले. खिडकीतले हिरवे, आखूड. मुलांनी लगेच घरच्या घटाशी जोडलं: देवघराच्या कोपऱ्यातला घट पिवळा, कोणाच्या तरी गॅलरीजवळचा हिरवा. तीन कारणं पुढे आली: पाणी कमी, "तिथे देव नाही", अंधार. पिवळी ताटली खिडकीत न्यावी ही सूचना एका मुलीची. नेली. एक-दोन दिवसांत हिरवेपणा चढायला लागतो, मात्र पडलेला देठ उभा राहत नाही. हिरवी ताटली खाली ठेवायची सूचना अजून कोणाकडून आलेली नाही, म्हणून ती जागेवरच आहे.

१४ ऑक्टोबर

ऊन आलं. गच्चीवर, बादलीत वाळू भरून त्यात एक मीटरची काठी उभी. दुपारी बारा पंचवीसच्या सुमाराला सावली सर्वांत आखूड, साधारण ५२ सेंटिमीटर, उत्तरेकडे. बालवाडी बाराला सुटते, त्यामुळे मुलांना साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा अशा तीन खुणा मिळतात, तेवढ्या पुरतात. कोणीतरी बादली हलवतं. बादलीच्या बुडाभोवती आधीच खडूने गोल काढून ठेवावा.

काठीपेक्षा मुलांना स्वतःची सावली हवी. पायांभोवती खडू, मग सावलीची कड. तासाभराने त्याच पायांच्या खुणांत उभं राहिलं की सावली रेघेत बसत नाही. आजच्या चिठ्ठ्यांत सर्वांत जास्त आलेलं वाक्य: "मी हललोच नाही."

साडेअकरानंतर गच्ची तापते. चपला घालून, टोपी घालून, दहा मिनिटांच्या वर नाही.

१६ ऑक्टोबर

सुट्टीआधीची आवराआवर. क्रेट घासून, वाळवून, पालथे. पन्हळी आडव्या रचायच्या. भिंतीला तिरक्या उभ्या ठेवल्या तर महिन्याभरात वाकतात. प्लॅस्टिसिन बंद डब्यात. चुंबकाची कडी ताईंच्या कपाटात.

सुताराला द्यायची ऑर्डर, काम जानेवारीत, लाकूड पावसाळ्याची ओल सोडेल तेव्हा: पूर्ण ठोकळे (१४ × ७ × ३.५) साठ, अर्धे (७ × ७ × ३.५) चाळीस, दुप्पट (२८ सेंटिमीटर) तीस, चौपट (५६ सेंटिमीटर) दहा, उतरते त्रिकोण सोळा. सहा मुलांना एका वेळी एवढे लागतात. याहून कमी असले की बांधकाम कमरेइतकं होण्याआधीच ओढाओढ सुरू होते. कापण्याआधी फळ्या निदान पंधरा दिवस याच खोलीत ठेवून घ्यायच्या. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडायच्या, पण गोल करायच्या नाहीत; गोल कडेवर थर घसरतो. रंग किंवा मेलामाइनचं पॉलिश नको.

लाकडी भरीव चेंडू आणखी सहा. त्यांतले दोन मधून भोक पाडून पोकळ करता येतात का, ते लेथवाल्याला विचारायचं.

नोव्हेंबरची पहिली मांडणी: पन्हळी आणि तीन प्रकारचे चेंडू, ऑगस्टमध्ये होते तसेच, काहीही न सांगता.